मुंबईची मासळी आणि भेसळीचा कायदा



भेसळ हा शब्द कानीं पडला कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम दूध उभें राहतें, मग तूप, त्यामागून तिखट, हळद आणि चहाची भुकटी. मासळीची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. दुधांत पाणी घालतां येतें, तुपांत चरबी मिसळतां येते, तिखटांत विटेची पूड खपवितां येते. पण अखंड पापलेटांत कोण काय मिसळणार, असा आपला समज असतो.

हा समज अर्धाच खरा आहे. मासळींत मिसळ करणें कठीण, हें खरें. परंतु भेसळ म्हणजे केवळ मिसळ नव्हे. विकाऊ जिनसेचें खरें स्वरूप गिऱ्हाइकापासून लपविणें, हें भेसळीचें मूळ होय. या दृष्टीनें पाहिलें तर मासळीइतकी फसवणुकीला सोपी वस्तु बाजारांत क्वचितच सांपडेल. शिळी मासळी ताजी म्हणून विकणें हा पहिला प्रकार. कुजण्याच्या खुणा दिसूं नयेत म्हणून तिला औषध लावणें हा दुसरा. घाण पाण्याच्या बर्फांत ती ठेवणें हा तिसरा. आणि हलक्या जातीचा मासा भारी जातीच्या नांवानें विकणें हा चौथा. गिरगांवच्या वाड्यांत, दादरच्या बिऱ्हाडांत आणि लालबाग-परळच्या चाळींत ज्यांच्या घरीं आठवड्यांतून दोन-तीन दिवस मासळी शिजते, त्यांना या चारही प्रकारांशीं गांठ पडण्याचा संभव रोजचा आहे.

या भेसळीविरुद्ध कायद्यानें आजवर काय केलें, आणि मुख्य म्हणजे त्याच्या हातीं कोण सांपडलें, याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. माझा मुद्दा आरंभींच सांगून ठेवतों. जाळें आणि तवा यांमधील अंतर जसजसें वाढलें, तसतशी मासळींतील लबाडी वाढली. परंतु कायद्याची नजर मात्र पुष्कळ काळ या मार्गाच्या शेवटच्या टोंकाला, म्हणजे पाटीवर बसलेल्या कोळणीवरच, खिळून राहिली.

खाद्यपदार्थांतील लबाडीला शिक्षा असावी ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली असें कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूर येथें उजेडांत आली आणि १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथांत धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत सारख्या दिसणाऱ्या हलक्या वस्तूची भेसळ करणाराला बारा पण दंड सांगितला आहे. मांसविक्रीवर देखरेख ठेवण्यासाठीं सूनाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून, दुर्गंधी सुटलेलें किंवा आपोआप मेलेल्या जनावराचें मांस विकणारालाही तोच बारा पण दंड आहे. यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. चांगल्या वस्तूंत वाईट मिसळणें आणि वाईट झालेली वस्तु चांगली म्हणून विकणें, हे दोन अपराध त्या ग्रंथकारानें एकाच तागडींत तोलले आहेत.

आतां मुंबईकडे वळूं. सात बेटांच्या काळांत येथें मासळीच्या भेसळीला फारसा वावच नव्हता. कुलाबा, मांडवी, माझगांव, वरळी, माहीम आणि शीव येथील कोळीवाड्यांतून होड्या समुद्रांत जात, भरतीच्या पाण्याबरोबर परत येत, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं ती मासळी घरोघर पोंचलेली असे. उरलीसुरली उन्हांत वाळवून सुकविली जाई. जी अगदींच नासे ती माडांच्या मुळाशीं खत म्हणून पडे. सतराव्या शतकांत मुंबईस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानें येथील हवा रोगट असण्याच्या कारणांत या कुजक्या मासळीच्या खताची गणना केलेली आहे. म्हणजे कुजक्या मासळीविरुद्धची मुंबईंतील पहिली तक्रार ही ताटांतील मासळीविषयीं नव्हती, बागेंतील मासळीविषयीं होती!

त्या काळचा कायदा म्हणजे गृहिणीचे डोळे आणि बोटें. कल्ला उचलून आंतला रंग लालभडक आहे कीं काळपट, डोळा फुगीर व स्वच्छ आहे कीं खोल गेलेला व दुधाळ, बोटानें दाबलें असतां मांस पुन्हां वर येतें कीं खळगा तसाच राहतो, आणि वास समुद्राचा येतो कीं नासक्या मांसाचा, या चार परीक्षा आपल्या आज्या-पणज्या जाणत होत्या. लिहितां-वाचतां न येणाऱ्या बायकाही या शास्त्रांत पारंगत असत. गिऱ्हाईक आणि विकणारी या दोघी एकमेकींना वर्षानुवर्षें ओळखत. आज फसविलें तर उद्यां दारांत उभें राहण्याची सोय नाहीं, हें कोळीण जाणून असे. या ओळखीच्या बळावर मुंबईचा मासळीबाजार शेंकडों वर्षें चालला.

शहर वाढलें तशी ही ओळख पुरेनाशी झाली. याच सुमारास इंग्लंडांत भेसळीनें कहर केला होता. १८२० सालीं फ्रेडरिक आक्कुम नांवाच्या रसायनज्ञानें भेसळीवर एक ग्रंथ लिहून लंडनच्या दुकानदारांचीं बिंगें फोडलीं. पुढें १८५१ पासून डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एकामागून एक जिन्नस तपासून त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत छापले. त्यांच्या तपासणींत मासळीही सुटली नाहीं. खारविलेल्या अँकोव्ही नांवाच्या लहान माशांना लाल मातीचा रंग देऊन विकीत असत, असें त्यांना आढळलें. या चळवळीचा परिणाम म्हणून १८६० सालीं इंग्लंडांत भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला, आणि १८७५ सालीं त्याहून पुष्कळ कडक असा दुसरा आला.

हिंदुस्थानांत १८६० सालींच दंडसंहिता मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून ती अमलांत आली. तिच्या २७२ व्या कलमानें खाद्यपदार्थ अपायकारक होईल अशी भेसळ करणें, आणि २७३ व्या कलमानें अपायकारक झालेला पदार्थ जाणूनबुजून विकणें, हे अपराध ठरले. शिक्षा सहा महिनेपर्यंत कैद, किंवा हजार रुपयेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० सालीं हजार रुपये ही एखाद्या दुकानदाराचें दिवाळें काढणारी रक्कम होती. परंतु हा आंकडा पुढें शंभराहून अधिक वर्षें जागचा हलला नाहीं, आणि रुपयाची किंमत घसरत गेली तसा त्या दंडाचा धाकही ओसरत गेला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींत हींच कलमें २७४ व २७५ या क्रमांकांनीं आलीं असून दंडाची मर्यादा पांच हजार झाली आहे.

दंडसंहितेंतील खरी अडचण मात्र दंडाची नव्हती, ‘जाणूनबुजून’ या अटीची होती. पाटींतील बांगडा नासलेला आहे हें विकणारीला ठाऊक होतें, किंवा ठाऊक असावयास सबळ कारण होतें, हें सिद्ध कसें करावयाचें? ती म्हणणार, सकाळीं धक्क्यावर घेतला तेव्हां चांगला होता. आणि पुष्कळदां तें खरेंही असे. मुंबईच्या उन्हांत मासळी बिघडण्यास फार वेळ लागत नाहीं.

ही अडचण ओळखून मुंबईनें आपल्यापुरता निराळा मार्ग काढला. १८६५ च्या सुधारणेनंतर आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे म्युनिसिपल कमिशनर झाले आणि त्यांच्या हाताखालीं डॉक्टर ह्यूलेट हे आरोग्याधिकारी नेमले गेले. क्रॉफर्डसाहेबांनीं शहराचे पैसे पाण्यासारखे खर्च केले म्हणून त्यांच्यावर पुढें टीकेचा भडिमार झाला; पण १८६९ सालीं पूर्ण झालेली त्यांच्या नांवाची मंडई आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून उभी आहे. तींत मासळी व मटण यांच्यासाठीं निराळे भाग काढण्यांत आले. रस्त्याच्या कडेला उघड्यावर चालणारी विक्री एका छपराखालीं आली कीं तपासनिसाला तीवर लक्ष ठेवणें सोपें जातें, ही त्यामागील दृष्टि होती.

या दृष्टीला कायद्याचें पक्कें रूप १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल अॅक्टांत मिळालें. हा कायदा, पुढील दुरुस्त्यांसह, आजही मुंबई महानगरपालिकेचा आधार आहे. त्याच्या ४१४ व्या कलमानें विक्रीला मांडलेल्या मांस, मासळी, फळें, भाजी, दूध इत्यादि पदार्थांची सतत व दक्षतापूर्वक तपासणी ठेवणें हें कमिशनराचें कर्तव्य ठरविलें. जप्त केलेला पदार्थ विक्रीसाठीं किंवा माणसाच्या खाण्यासाठीं नव्हता असें कोणाचें म्हणणें असेल, तर तें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला. पुढील कलमांनीं नासका माल जप्त करण्याचा व नाशवंत असल्यास तो नष्ट करून टाकण्याचा अधिकार दिला. पाटींतील माल खाण्यास अयोग्य दिसला कीं तो गेला. कोळणीच्या मनांत काय होतें याची चौकशी माल जप्त करतांना करावी लागत नसे. नाशवंत जिनसेपुरता हा मार्ग दंडसंहितेहून कितीतरी व्यवहार्य होता.

याच कायद्यांत ४१० वें कलम आहे, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनें तें सर्वांत महत्त्वाचें आहे. मंडईच्या बाहेर परवान्यावांचून मांस किंवा मासळी विकूं नये असें हें कलम सांगतें. पण लगेच एक अपवाद करतें. समुद्रांत पकडून थेट किनाऱ्याला आणलेली ताजी मासळी त्याच होडींतून विकली, तर तिला हें बंधन नाहीं. कायदा करणाऱ्यांनीं केलेला हिशेब उघड आहे. होडींतून उतरतांना मासळी ताजीच असणार, तींत लबाडी करण्यास अवधि कोठून मिळणार? शिवाय कोळी हे या बेटांचे मूळचे रहिवासी. त्यांच्या पिढीजात धंद्यावर परवान्याचा बोजा टाकणें न्यायाचें नव्हे. १८८८ सालीं हा विचार योग्य होता, असेंच मला वाटतें. कायद्याची हद्द त्यानें किनाऱ्यावर आंखली.

परंतु ज्या गोष्टीवर हा अपवाद उभा होता, ती गोष्टच पुढें बदलत गेली. १८७५ सालीं सुरू झालेली ससून गोदी मूळ कापसाच्या व्यापारासाठीं बांधलेली. ती कालांतरानें मासळीचें मोठें बंदर झाली. तिकडे भाऊच्या धक्क्यावरही पहाटेचा लिलाव गाजूं लागला. शिडाच्या होड्यांच्या जागीं यंत्राच्या बोटी आल्या. त्या पोटांत बर्फ भरून समुद्रांत जातात आणि कित्येक दिवसांनीं परततात. म्हणजे ‘आज उतरलेली’ मासळी ही आज पकडलेली असेलच असें राहिलें नाहीं. याखेरीज आगगाडीनें व लॉरीनें परप्रांतांतील मासळी येऊं लागली. जाळें, बोट, धक्का, दलाल, लॉरी, घाऊक बाजार, किरकोळ बाजार, पाटी आणि अखेर आपलें घर, अशी ही सांखळी लांबली. सांखळीचा प्रत्येक दुवा म्हणजे कांहीं तासांचा अवधि, आणि मासळीच्या बाबतींत प्रत्येक तास म्हणजे मोहाचें एक कारण.

हा मोह पुरविणारें औषध रसायनशास्त्रानें एकोणिसाव्या शतकांतच तयार करून ठेवलें होतें. फॉर्मल्डिहाइड नांवाचा वायु पाण्यांत शेंकडा चाळीसच्या सुमारास विरघळविला म्हणजे जें द्रावण होतें त्याला फॉर्मलिन म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रेतें व शरीराचे अवयव टिकविण्यासाठीं त्याचा उपयोग होतो. तें मांसांतील प्रथिनांना घट्ट करतें आणि कुजविणाऱ्या जंतूंना मारतें. आतां आपल्या आज्यांच्या चार परीक्षा आठवा. बोटानें दाबलें तर मांस घट्ट लागतें. वास घ्यावा तर कुजकट येत नाहीं. म्हणजे शेंकडों वर्षें ज्या ज्ञानावर गृहिणी विसंबून होती, तेंच ज्ञान या औषधानें निरुपयोगी केलें. नासकी मासळी डोळ्यांना व बोटांना कळते, औषध लावलेली कळत नाहीं. म्हणून येथें गृहिणीच्या मदतीला प्रयोगशाळा आलीच पाहिजे.

हा मोह आपल्याच देशाचा आहे असें नव्हे. अमेरिकेंत डॉक्टर हार्वे वायली यांनीं १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना खाद्यपदार्थ टिकविणारीं निरनिराळीं द्रव्यें देऊन प्रयोग केले. त्यांत फॉर्मल्डिहाइडही होतें. १९०६ सालच्या अमेरिकन कायद्यास या प्रयोगांनीं मोठें बळ दिलें. पुढें २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें फॉर्मल्डिहाइडची गणना माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली.

आतां आपल्या कायद्यानें प्रयोगशाळेला कसें कामाला लावलें तें पाहूं. मुंबई इलाख्यांत १९२५ सालीं भेसळ-प्रतिबंधक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर सर्व देशाला लागू असा अन्नभेसळ-प्रतिबंधक कायदा १९५४ सालीं मंजूर होऊन १ जून १९५५ पासून अमलांत आला. यांत विकणाऱ्याचें अज्ञान हा बचाव राहिला नाहीं; वस्तु भेसळीची निघाली कीं अपराध झाला. अन्ननिरीक्षकानें नमुना विकत घ्यावयाचा, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावयाचे, एक विक्रेत्याला द्यावयाचा, एक रसायनतज्ज्ञाकडे पाठवावयाचा आणि एक स्वतःपाशीं ठेवावयाचा, अशी मूळची पद्धत होती.

तूप, तेल, मसाला यांना ही पद्धत शोभून दिसते. मासळीला ती लावून पाहा. मोहोरबंद बाटलींतील सुरमईचा तुकडा खटला उभा राहीपर्यंत कोणत्या स्थितींत असेल? आरोपीनें आपल्याजवळील भाग पुन्हां तपासावयास मागितला तर तपासावयाचें काय? नमुना टिकविण्यासाठीं कांहीं द्रव्य घालण्याची मुभा नियमांत होती. दुधाच्या नमुन्यांत घालावयाचें द्रव्य कोणतें, तर फॉर्मलिन. पंचवीस घनसेंटिमीटरला दोन थेंब, असें प्रमाणही दिलेलें होतें. ज्या औषधानें मासळीचा व्यापारी गिऱ्हाइकाला फसवितो, तेंच औषध दुधाचा नमुना टिकविण्यासाठीं निरीक्षकाच्या पेटींत कायद्यानें ठेवलेलें असे! मासळींत शोधावयाचेंच तें द्रव्य, तेव्हां तिच्या नमुन्याला हा उपाय निरुपयोगी हें सांगावयास नको.

दुसरी अडचण याहून गंभीर होती, कारण ती न्यायाची होती. विक्रेत्यानें माल उत्पादकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून लेखी हमी घेऊन विकत घेतला असेल व तो जसाच्या तसा विकला असेल, तर त्याची सुटका होई. किराणा दुकानदार अशी हमी बिलावर घेऊं शकतो. पण पहाटे चार वाजतां धक्क्यावर लिलावांत बोली लावून पाटी उचलणाऱ्या बाईला कोण लेखी हमी देणार? तेथें व्यवहार बोटांच्या खुणेनें आणि तोंडच्या शब्दानें होतो. त्यामुळें कागद बाळगणारा मोठा व्यापारी ज्या दारानें सुटूं शके, तें दार तिला बंदच होतें. बर्फांत कोणतें पाणी होतें, लॉरींत कोणी काय शिंपडलें, हें तिला ठाऊक नसतें. परंतु निरीक्षकाला प्रथम दिसते ती तीच.

आपल्याच देशांत शिकविलेला आणखी एक धडा येथें सांगण्यासारखा आहे. १९९७ च्या ऑगस्टांत युरोपीय संघानें हिंदुस्थानांतून जाणाऱ्या मासळीवर, ती तयार करण्याच्या जागांतील अस्वच्छता व जंतु यांचें कारण देऊन, बंदी घातली. परकीय चलन बुडूं लागतांच सारीं चक्रें फिरूं लागलीं. कारखाने सुधारले, तपासणीची साखळी बोटीपासून बंदरापर्यंत कडक झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं बंदी उठली. परदेशच्या ताटांत जाणारी मासळी वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर तपासतां येते, हें यावरून सिद्ध झालें. मग तोच न्याय लालबागच्या ताटाला कां नाहीं, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

२००६ सालीं १९५४ च्या कायद्याची जागा घेणारा अन्न सुरक्षा व मानके कायदा मंजूर झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. त्यानें नमुन्याचे चार भाग ठरविले, रसायनतज्ज्ञाला अहवालासाठीं चौदा दिवसांची मुदत घातली, आणि असुरक्षित अन्नामुळें मृत्यु ओढवल्यास कमींत कमी सात वर्षें कैदेपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा व दहा लाखांहून कमी नाहीं इतका दंड सांगितला. मात्र त्याच्या १८ व्या कलमांत एक वाक्य आहे: शेतकरी आणि मच्छीमार यांच्या आपापल्या व्यवसायांतील कामांना हा कायदा लागू नाहीं. मासळी मच्छीमाराच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे मगच ती या कायद्याच्या दृष्टीनें ‘अन्न’ होते. १८८८ च्या होडीच्या अपवादाचा हा वंशजच म्हणावयाचा! एकशें अठरा वर्षांनंतरही कायद्याची हद्द किनाऱ्यावरच राहिली.

गरीब कोळ्याला सवलत असूं नये, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. पण एका होडीचा धनी आणि अनेक बोटींचा मालक यांत हें कलम भेद करीत नाहीं. आणि किनाऱ्यावर हद्द आंखावयाची असेल तर निदान पहारा तरी त्या हद्दीवर, म्हणजे धक्क्यावरच्या पहिल्या विक्रीच्या जागीं, बसला पाहिजे.

या विचाराची परीक्षा २०१८ सालीं झाली. त्या वर्षींच्या जूनमध्यें केरळ सरकारनें ‘सागरराणी’ नांवाची मोहीम चालवून राज्याच्या सीमेवरील नाक्यांवर फॉर्मलिन लावलेली हजारों किलो मासळी पकडली. येथें निरीक्षक पाटीपाशीं गेला नव्हता, लॉरीपाशीं गेला होता, हा त्यांतील विशेष. पाठोपाठ १२ जुलै रोजीं गोव्यांतील मडगांवच्या घाऊक मासळीबाजारांत तेथील अन्न व औषध प्रशासनानें तपासणी केली. जागच्या जागीं केलेल्या प्राथमिक चाचणींत फॉर्मलिन असल्याचें दिसलें. नंतर प्रयोगशाळेच्या आधारें प्रमाण मर्यादेंतच असल्याचें सांगण्यांत आलें. लोकांचा विश्वास उडाला. विधानसभेंत गदारोळ झाला, परराज्यांतून येणारी मासळी कांहीं काळ बंद करावी लागली, आणि पुढें वाहतुकीसाठीं थंड राखणाऱ्या गाड्या व नोंदणी यांची सक्ती आली. ज्या गोंयकारांचा मासळीवांचून घांस उतरत नाहीं, त्यांनीं कित्येक दिवस बाजाराकडे पाठ फिरविली. यांत लबाड व्यापाऱ्याइतकीच प्रामाणिक मासेविक्या बाईही भरडून निघाली.

या प्रकरणांत शास्त्राचा एक बारकावा दडलेला आहे, आणि तो मुंबईकरांना विशेष जवळचा आहे. समुद्रांतील पुष्कळ माशांच्या शरीरांत असें एक द्रव्य असतें कीं मासा मेल्यावर त्यापासून थोडें फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतें. कांहीं जातींत हें प्रमाण बरेंच अधिक असतें, आणि आपला आवडता बोंबील त्यांपैकींच आहे. म्हणून ‘फॉर्मल्डिहाइड आहे कीं नाहीं’ एवढाच प्रश्न विचारला तर निरपराध बोंबीलही गुन्हेगार ठरावयाचा! ‘किती आहे’ हें मोजलें पाहिजे, आणि जातीजातीची नैसर्गिक मर्यादा ठरलेली असली पाहिजे. मडगांवच्या गोंधळानंतर केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानें माशांचे दोन गट करून निरनिराळ्या मर्यादा घातल्या. बहुतेक माशांना किलोला चार मिलिग्रॅम आणि निसर्गतः अधिक द्रव्य निपजणाऱ्या जातींना शंभर. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें फॉर्मल्डिहाइड व अमोनिया ओळखण्याच्या कागदी पट्ट्याही तयार केल्या. पट्टीनें संशय घ्यावा आणि प्रयोगशाळेनें निकाल द्यावा, हा योग्य क्रम होय.

त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें एक साधा पण मार्मिक उपाय योजला. खाण्याजोगा नसलेला, केवळ वस्तु थंड ठेवण्यासाठीं असलेला बर्फ १ जून २०१८ पासून निळ्या रंगाचा असावा, असा हुकूम काढला. ज्या बर्फांत मासळी ठेवली तोच फोडून सरबतांत घालण्याची लबाडी यामुळें पोराटोरांनाही ओळखतां यावी, हा हेतु. प्रयोगशाळेंत कळणारी गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करणें, म्हणजे आज्यांच्या परीक्षेला कायद्यानें हात देणेंच होय. मात्र निळा बर्फ सरबताचें रक्षण करतो. मासळीला लागणारें पाणी शुद्ध असण्याची काळजी त्यानें संपत नाहीं.

या साऱ्या इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तपासणी पाटीपेक्षां लिलावाच्या जागीं, बर्फाच्या कारखान्यांत आणि शहरांत शिरणाऱ्या लॉऱ्यांत व्हावी. तेथें एक नमुना घेतला तर शंभर पाट्यांचें काम होतें. दुसरी, घाऊक व्यापाऱ्यानें किरकोळ विकणारीला दिवस, माल व विकणाराचें नांव असलेली चिठ्ठी देणें बंधनकारक व्हावें, म्हणजे दोष उलट दिशेनें मुळापर्यंत पोंचवितां येईल. तिसरी, नमुन्याचे निकाल लवकर व एकाच तोंडानें जाहीर व्हावेत. कारण शंकेनें बाजार बसला तर नुकसान गरिबाचेंच होतें.

गिऱ्हाइकाच्या हातींही कांहींच नाहीं असें नाहीं. २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमान्वयें कोणाही खरेदीदाराला, विक्रेत्यास त्याच वेळीं सूचना देऊन व ठराविक शुल्क भरून, विकत घेतलेला पदार्थ सरकारी तज्ज्ञाकडून तपासून घेतां येतो. पदार्थ कायद्याविरुद्ध निघाला तर शुल्क परत मिळतें. हा हक्क १९५४ च्या कायद्यांतही होता, पण तो बजावल्याचें आपल्या ऐकण्यांत क्वचितच येतें. एकेकट्या गृहस्थानें हें करणें जड जातें, हें मान्य. परंतु एखाद्या वाडीच्या मंडळानें किंवा चाळीच्या कमिटीनें महिन्याकाठीं एक नमुना पाठविण्याचा नेम धरला, तर त्या बाजारावर त्याचा वचक बसल्यावांचून राहणार नाहीं. गणेशोत्सवाची वर्गणी जमविणाऱ्या आपल्या मंडळांना हें काम अवघड नाहीं.

कौटिल्याचे बारा पण असोत कीं आजचे दहा लाख रुपये, दंडाचा आंकडा मोठा झाल्यानें मासळी ताजी होत नाहीं. दंड योग्य माणसाला झाला तर होते. तो माणूस बहुधा पाटीवर बसलेला नसतो. तो पहाटेच्या अंधारांत धक्क्यावर, लॉरीपाशीं किंवा बर्फाच्या कोठारांत असतो. कायद्याला तेथपर्यंत चालत जावयास लावणें हें आपल्यासारख्या सुशिक्षित नागरिकांचें काम आहे. तोंवर कल्ला उचलून पाहण्याची संवय मात्र कोणीं सोडूं नये.